सरलाबाईंची अदबीची परीक्षा

पडदा वर जातो आणि समोर दिसते सुरतजवळच्या इच्छापोरच्या एका कारखान्याची कॅन्टीन. दुपारचे साडेबारा. पत्र्याच्या छताखाली सातशे ताटं खडखडताहेत, आणि त्या साऱ्या गोंधळावर स्वार होऊन एक आवाज येतोय, "ए, रांगेत ये रे! लगन लागतंय का तुझं, एवढी घाई करतोस ते?"

हा सरलाबाईंचा आवाज. अमळनेरहून सुरतेत येताना त्यांनी सोबत आणलेला एकमेव दागिना. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कान टवकारावे लागू नयेत, असा. अठरा वर्षं त्या भट्टीच्या आचेत उभ्या राहून जेवण वाढत होत्या. दरसाल नवा ठेकेदार येई आणि दरसाल सरलाबाई त्याच्यापुढे नव्यानं हात जोडत.

अशात कंपनीनं पाहुण्यांसाठी वेगळी जेवणाची खोली काढली. तिथं एसी, पांढरे रुमाल, आणि वाढणाऱ्या बाईला कंपनीची पक्की नोकरी. जागा एकच. अटही एकच: परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत अदबीनं बोलता आलं पाहिजे.

शिकवायला आले धर्मेंद्र सर. मूळचे नवापूरचे, गळ्यात टाय. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "हुकूम सोडायचा नाही, विचारायचं. 'कुड यू प्लीज'. 'वुड यू माइंड'. आणि काहीही झालं तरी वाक्य पूर्ण करायचं. अर्धं वाक्य म्हणजे उद्धटपणा."

संध्याकाळी गोडादऱ्याच्या खोलीत सरलाबाईंनी तालीम मांडली. नवरा वाल्मिक नुकताच कापडाच्या लूमवरून आला होता.

"कुड यू प्लीज गिव्ह मी वॉटर?"

वाल्मिकच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या गोतात नवरा-बायको एकमेकांशी गोड बोलू लागली, की समजायचं भांडण झालंय, आणि मोठं झालंय. "काय व्हयनं वं?" तो म्हणाला. "मी काय करं?"

"वुड यू माइंड शटिंग द डोअर?"

दार लावायच्या निमित्तानं तो बाहेर सटकला आणि थेट मेव्हण्याला फोन लावला, "तुमनी बहीन रुसेल शे."

सकाळी शेजारच्या केशरबाई वाटीभर चटणी घेऊन समजूत घालायला हजर. "माहेरी जाऊ नको बाई. मानूस वाईट नाही तो."

सरलाबाईंनी कपाळाला हात लावला, पण तालीम सोडली नाही. आठवडाभरात वाल्मिक न मागता पाणी आणून देऊ लागला. परीक्षेआधीच इंग्रजीचा एवढा गुण आला.

परीक्षेच्या दिवशी धर्मेंद्र सर स्वतः पाहुणे होऊन त्या नव्या खोलीत खुर्चीवर बसले. पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे. आचारी डाळीची ढकलगाडी दारात उभी करून ताटं आणायला गेला. दारातली फरशी धुता यावी म्हणून उतरती केलेली होती. गाडी हलली. आधी हळू, मग जरा जोरात, आणि निघाली सरळ सरांच्या पाठीच्या दिशेनं.

सरलाबाईंच्या गळ्यात आरोळी तयारच होती. 'सरका!' अशी एक निघाली असती, तर सर काय, शेजारचं खातंसुद्धा सरकलं असतं. पण समोर सरांची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. त्यांनी आरोळी गिळली.

"एक्सक्यूज मी, सर."

"येस?" सर खुलले.

"वुड यू माइंड... मूव्हिंग युवर चेअर..."

"गो ऑन, गो ऑन!"

"...अ लिटल बिट, प्लीज?"

"एक्सलंट!" सर म्हणाले, आणि त्याच क्षणी डाळ पोचली.

कॅन्टीनची डाळ टेबलापर्यंत येईस्तोवर कधीच गरम राहत नाही, म्हणून कातडी वाचली. टाय मात्र हळदीला बसलेल्या नवरदेवासारखा दिसू लागला. सर न्यायी माणूस. वाक्यात चूक नव्हती, त्यांनी वीसपैकी वीस दिले, ठिबकत्या हातानं सही केली आणि कागद पुढे केला. सरलाबाईंनी तो घडी घालून कमरेला खोचला, वर पदराची गाठ मारली.

मग रुमालानं पॅन्ट टिपत सरांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. गाडी येताना दिसली होती?"

"दिसली ना. दारातूनच."

"मग ओरडायचं नाही का?"

सरलाबाईंनी दुसरा रुमाल दोन्ही हातांनी पुढे केला.

"ओरडले असते तर तुमची प्यांट वाचली असती साहेब, पन मग मले पास कोनी केलं असतं?"