चिमूटभर कुंकू

पाथरीच्या बसस्टँडमागं एका जुन्या टायपिस्टकाकांचं टायपिंगचं दुकान आहे. शाळेच्या प्रश्नपत्रिका मी तिथंच टाइप करून घेतो. त्यांचं मराठी सॉफ्टवेअर फक्त त्या पिवळट पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. नव्यावर अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी दिसायच्या. "आन् माझ्या बोटांना दुसरं काई येत न्हाई, सर," असं ते हसत सांगायचे.

त्या यंत्राला त्यांनी सोवळ्यात ठेवलं होतं. इंटरनेटची वायर कधी जोडली नाही. कुणी पेनड्राइव्ह पुढं केला की म्हणायचे, "तुमच्या घरची दुखणी इथं नका आणू." कॉम्प्युटरचा डबा उघडण्याआधी ते खिडकीच्या गजाला हात लावायचे, देवळाच्या उंबऱ्याला लावावा तसा. अंगातली वीज तिथं उतरवायची आणि मगच रॅम काढून खोडरबरानं हलकेच पुसायची.

खंडेनवमीला सगळी बाजारपेठ यंत्रांवर हळदकुंकू वाहते. हे मात्र दरवर्षी कुंकवाचं बोट शेजारच्या भिंतीला लावायचे. "आत गेलं म्हंजे खेळ खलास."

यंदा ऐन नवरात्रात कॉम्प्युटर सुरूच होईना. गजाला हात लावून झाला, रॅम पुसून झाली. परभणीहून आलेला माणूस म्हणाला, मदरबोर्ड गेला, असला आता कुठं मिळत नाही.

खंडेनवमीला मी दुकानात गेलो तेव्हा ते त्या कॉम्प्युटरच्या पंख्याच्या जाळीवरच कुंकू सोडत होते.

"अहो, आत जायलंय की!" मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही.

"जाऊ द्या," म्हणाले आणि ताटातली आणखी एक चिमूट उचलली.