घट्टकाकांचा हात

रायफल क्लबात त्यांना सगळे घट्टकाका म्हणत. उभी हयात कारखान्यात पाने फिरवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर क्लबच्या रायफली जुळवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांनी आवळलेला पेच सैल झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. घरी मात्र त्याचा जाच होता. काकांनी साखरेच्या बरणीला झाकण लावलं, की चहासाठी त्यांनाच शोधून आणावं लागे.

"अहो, बरणी बंद करता की तिजोरी?" काकू विचारत.

"अर्धवट काम मला जमत नाही."

त्यांची सून याच क्लबात नेमबाजी शिकली. उद्या संघाची निवड होती आणि तिच्या रायफलची बॅरल झिजलेली. काकांनी सकाळी नवी चढवली. आधी रायफल रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं. बॅरल बसते ती खोबण चिंधीने पुसली, बोटाने चाचपली, पुन्हा पुसली. आत कण राहिला तर बॅरल तिरकी बसते. मग बॅरल पार मागे टेकवली आणि पेच आळीपाळीने, थोडे थोडे आवळत आणले.

ठरलेला जोर आला की टक्कन वाजणारा पाना कपाटात होता. क्लबच्या चिटणिसांनी हौसेने आणलेला. काका त्याला 'टकटक्या' म्हणत आणि शिवत नसत. "माझ्या हातालाच कान आहेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सुनेने गोळ्या झाडल्या. निशाणाचा कागद जवळ आणून पाहिला, तर कोंबडीने दाणे उडवावेत तशी भोकं.

"नवी आहे. बसेल अजून," काका म्हणाले.

दुसरा कागद त्याहून वाईट निघाला.

"तुझा श्वास चुकतोय."

"चुकला असता तर मला कळलं असतं, बाबा."

"झोप झाली नसेल."

"तुम्ही घोरत होतात, तरी झाली."

चिटणीस मागे येऊन उभे राहिले. "काका, टकटक्या आणू?"

"आणा. पाठ खाजवायला होईल."

चिटणीस हसत निघून गेले. सुनेने कागद काकांपुढे धरला. "तुम्हीच शिकवलंत ना? भोकांचा झुबका नुसता बाजूला सरकला तर नेम धरायची साइट फिरवायची. झुबकाच फुटला तर जोडणी तपासायची."

"जोडणी माझी आहे."

"म्हणूनच बोलायला जीभ रेटत नाही. एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागावणार. सांग."

"साखरेची बरणी हल्ली मीच उघडते."

"मग?"

"एका हाताने. बाळ कडेवर असतं." तिने मान खाली घातली. "आई तुम्हाला हाक मारतात ना, त्याआधी झाकण पुन्हा लावून ठेवतात. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

काकांनी उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मग उठले, स्वतः कपाटापाशी गेले आणि टकटक्या घेऊन आले.

पहिला पेच वाजेल म्हणून ते कान देऊन थांबले. पाना फिरतच राहिला. चांगला फिरला, तेव्हा कुठे टक्क झालं. दुसऱ्या पेचानेही लाज राखली नाही. पुन्हा आळीपाळीने, सगळे एकसारखे वाजेपर्यंत काकांनी हात थांबवला नाही.

"आता आधी काही गोळ्या नुसत्या झाड. मग नेम मोजू."

या वेळी भोकं एकमेकांना चिकटून आली. झुबका डावीकडे वर होता, पण मुठीसारखा आवळलेला. काकांनी साइटचे खटके फिरवून तो मध्यावर आणला आणि टकटक्या आपल्या पेटीत टाकला. चिटणिसांनी पाहिलं आणि गालातल्या गालात हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सून संघात निवडली गेली. घरी येऊन सगळे चहाला बसले.

"अहो," काकूंनी आतून हाक मारली, "झाकण निघत नाहीये हो!"

काका उठले. बरणी पोटाशी धरली, दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, थांबून दम घेतला आणि मग झाकण फिरवलं.

"फार घट्ट बसलं होतं," ते म्हणाले.

सुनेने बाळाच्या डोक्याआड तोंड लपवलं.