फाट्यावरचं पाणी

"मागं घ्या, टेम्पो मागं घ्या! पुढं कमरंएवढं पाणी हाय!"

ओरडणारा मी. पलूसकडच्या आमच्या फाट्यावर, दोन्ही हात आडवे पसरून, ओल्या लुंगीत. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी माझी स्वप्नंसुद्धा सांगतो — वाढवून.

महापुरात आमच्या गावानं जे केलं, ते कुणाला जमलं नसतं. गाव उंचावर. खालच्या गावांतली माणसं आली, तसा आम्ही देवळाचा मंडप उघडला, गुऱ्हाळाची काहिल उचलून आणली आणि तिच्यात भात शिजवला. वाफ पार शिराळ्यातनं दिसत होती म्हणतात. म्हणतात म्हणजे — मीच म्हणतो. पण भात खरा होता. मंडपात एक माणूस उपाशी निजला नाही. त्याचा अभिमान मला आजही लय आहे, आणि तो मी सोडणार नाही.

मग बिघडलं कुठं?

ओढा ओलांडून पुढं माळावर एक शाळा आहे. नदीकाठी पालं ठोकून राहणारी कुटुंबं तिथं नेऊन ठेवली होती. बहुतेक लेकुरवाळ्या बाया. मदतीचे टेम्पो फाट्यावर थांबायचे, शाळेची वाट विचारायचे, आणि मी हात करून दाखवायचो. पहिल्या दिवशी दाखवली. दुसऱ्या दिवशी — काय संचारलं असेल माझ्यात? सगळा तालुका आमच्या छावणीचं नाव घेत होता, फोटो काढायला माणसं येत होती, आणि दुधाच्या पावडरीची एवढी मोठी गाडी आमच्या तोंडावरनं पुढं जाणार?

खोटं बोलायला मला तयारी लागत नाही. त्या दिवशी मात्र मी तयारी केली होती. आधी ओढ्यावर जाऊन पाणी बघून आलो, तिथंच बसून लुंगी कमरेपर्यंत भिजवली, आणि मग फाट्यावर उभा राहिलो.

टेम्पो घेऊन आलेले कराडचे एक मास्तर होते. माझ्या लुंगीकडं बघत म्हणाले, "आवं, मग तिथल्या पोरांचं काय?"

"पाणी उतरू द्या. म्या सोता डोक्यावरनं नेतो की."

डबे आमच्या मंडपात उतरले. आमच्याकडं तान्ही लेकरं किती होती? दोन. त्यातल्या एकाच्या घरची म्हैस दावणीला उभी होती.

मी डबे नेले का? नाही. नेले असते तर वाट उघडी आहे हे गावाला कळलं असतं. उलट पुढं सांगताना मी ते डबे पोहत पोचवले, एका हातानं पाणी मारत. या गोष्टीवर मी सत्काराचा नारळ घेतलाय. वर्षागणिक त्या ओढ्याला मी पाणी वाढवत नेलंय, आता त्यात मगर यायची तेवढी राहिलीय.

चौथ्या दिवशी दुपारी माळावरनं एक बाई आली. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं लेकरू, रडून रडून गप झालेलं. अंगावरचं दूध आटलं होतं. दोन दिवस ती त्याला भाताची पेज पाजत होती, आणि शाळेत तशी आणखी तान्ही होती. डबे मी दिले, सगळे दिले. आमची माणसं ते पोचवूनही आली, पाणी ओसरलं बघा म्हणाली. पण ते सगळं नंतर. आणि ते सांगून मी सुटत नाही.

आधी मी तिच्या लुगड्याकडं बघितलं. काठ ओला होता — चार बोटं. तरीही, मंडपातल्या लोकांना ऐकू जावं म्हणून, मी मोठ्यानं विचारलं, "कमरंएवढ्या पाण्यातनं कशी आलीस गं बाई?"

काहिलीभोवती गलका होता. तिचं उत्तर मला एकट्याला ऐकू आलं.

"चालत आले, अण्णा. परवा बी एवढंच व्हतं."