कंपनीच्या मीटरची खोळ

आमच्या तालुक्याच्या गावात वीज आली तेव्हा मी लाइट कंपनीत मीटर वाचणारा बाबू होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. पुढे मी या गावात सरळ माणूस म्हणून म्हातारा झालो. ग्रंथालयात माझा सत्कार झाला, शाल मिळाली. त्या शालीच्या लायकीचा मी नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. खांदे मात्र मी पुढे केले. ज्याच्याशी मी वाईट वागलो तो माणूस आता नाही, पण त्याला चोर समजणारे दोघे-तिघे अजून चावडीपुढे ऊन खात बसलेले असतात. त्यांच्यासाठी हे लिहितो.

कंपनीचे दर दोन होते. एक गोळ्याचा, म्हणजे बल्बचा, दर. घरात पंचवीस कँडल उजेडाचे जितके गोळे, तितके ठरावीक पैसे दर महिन्याला. मग तुम्ही ते जाळा, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा. दुसरा मीटरचा. जळेल तेवढे पैसे. निदान बाहेर सांगायचं तरी तसंच.

पुस्तकातला हिशोब असा की ज्याच्या घरी दिवे पुष्कळ त्याने मीटर घ्यावा आणि गरिबाने एका गोळ्याचे ठरलेले पैसे द्यावेत. आमच्याकडे नेमकं उलटं झालं, आणि ते आपोआप झालं नाही. ते आम्ही केलं.

तापीकाठी शंभर बिघे काळी जमीन असलेले एक मोठे शेतकरी होते. सारं गाव त्यांना दादा म्हणे. कंपनीत त्यांचे शेअर होते. त्यांच्या घरी सहा गोळे, गोळ्याच्या दराने. कापसाच्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनासाठी कंपनीचं वीज काढायचं एंजिन दिवसाही चाले, तेव्हा दादांच्या गोठ्यात भर दुपारी दिवा असे. म्हशी त्या उजेडात डोळे मिटून रवंथ करत. मी एकदा म्हटलं, "दादा, दिवसा तरी बंद करावा."

"पैसा भरेल शेतस ना? मंग इझाडू कसाले?" दादा म्हणाले. "तुन्ही कंपनीना तेल जळस, मन्हं काय जळस?"

आणि ते गोळे पंचवीसचे नव्हतेच. तपासणीला जायचं तर आदल्या दिवशी निरोप पाठवायचा, अशी आमची रीत होती. निरोप गेला की शंभराचे गोळे उतरत आणि पंचवीसचे चढत. एकदा मी सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचलो. ओसरीवर पंचवीसचा गोळा मिणमिणत होता, पण घरातून भाजक्या धान्याचा वास येत होता. वहिनींनी घाईघाईने काढलेला तापला गोळा ज्वारीच्या कणगीत खुपसला होता.

"दादा, ज्वारी भाजतेय," मी म्हणालो.

"मंग बस ना बाबू, हुरडा खाई जा!"

सगळे हसले. मीही हसलो. चहा प्यायलो, शेव खाल्ली आणि वहीत लिहिलं: गोळे सहा, कँडल पंचवीस, तक्रार नाही. वर्षभर मी हेच लिहीत होतो. ही नोकरी मला दादांच्या शब्दावर मिळाली होती, म्हणून लिहावं लागतं, असं मी मनाला सांगत असे. खरं म्हणजे मला तिथली शेव आवडायची आणि दादांनी सर्वांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवलेला त्याहून आवडायचा. मी इतक्या स्वस्तात जात होतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायचं तो माणूस. मशिदीमागच्या गल्लीत एक म्हातारे दर्जी होते. मी त्यांना चाचा म्हणायचो. दिवसभर ओट्यावर बसून ते उजेडात शिवत. दिवा त्यांना लागे तो फक्त तुळशीच्या लग्नानंतर, लग्नाचे कपडे आले की, आणि ईदेच्या आधी. गोळ्याचा दर घेतला तर बाराही महिने पैसे. म्हणून मी त्यांना मीटर घ्यायला लावला. "चाचा, जळेल तेवढंच द्यायचं. नाही जळलं, नाही दिलं."

हे खोटं होतं. मीटरला भाडं होतं, आणि दिवा लागो न लागो, महिन्याचा एक किमान आकार होता. मी तो सांगितला नाही. कंपनीच्या साहेबांनी मीटर वाढवायला सांगितले होते आणि मला नावाजून घ्यायचं होतं.

पावसाळ्यात मी बिल घेऊन गेलो तेव्हा चाचांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "चार महिना दिवाले हात नही लाया, बाबू. मंग हाई कसानं बिल?"

"तारेचं," मी म्हणालो. "तार उभी असते ना तुमच्यासाठी."

तार उभी ठेवायला खर्च येतो हे मला आजही मान्य आहे. पण मग तो सगळ्यांकडून घ्यायचा. आमच्या गावात मोठ्याला मोजमाप नव्हतं, आणि लहानाला मोजमाप होतं आणि वर तारेचे पैसेही होते. याला दर म्हणायचं असेल तर म्हणा. चाचांनी मात्र वाद घातला नाही. पैसे दिले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. मीटर लावला त्याच आठवड्यात त्याला खोळ शिवली. पलीकडेच पिंजारी कापूस पिंजत, सगळ्या गल्लीत तंतू उडत. चाचा मीटरला घड्याळ म्हणायचे. "कंपनीनं घड्याळ शे, बाबू. मन्हाघर खराब व्हयनं त कंपनीले काय तोंड दखाडू?" त्या खोळीला मी दुरुस्तीला दिलेल्या माझ्याच जुन्या कोटाचं उसवलेलं राखाडी अस्तर वापरलं होतं. खाली बटण होतं. मी दर महिन्याला बटण काढायचो, आकडा लिहायचो आणि बटण लावायचो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी "झकास" असंही म्हणालो होतो.

त्या हिवाळ्यात साहेबांनी हिशोब मागितला. साहेब पुण्याकडचे. एंजिन जेवढी वीज काढतं तेवढी बिलात दिसत नव्हती. "अहो, ही मधल्या मध्ये जाते कुठं? कोणीतरी खातंय. तुम्ही रोज गावात फिरता, तुम्हाला नाव माहीत नाही?"

मला नाव माहीत होतं. कणगीसकट माहीत होतं. मी म्हणालो, "साहेब, मशिदीमागची गल्ली पाहू या."

का म्हणालो? तिथे कोणाचे शेअर नव्हते, एवढंच.

आम्ही गेलो. चाचांच्या ओट्यावर दादांच्या मुलीच्या लग्नाचे कपडे पसरले होते, किनखापी अंगरखे, पाहुण्यांचे कोट. तो हंगामातला सर्वांत मोठा गठ्ठा होता. साहेब आत गेले आणि भिंतीकडे पाहून थबकले.

"हे काय? मीटरला झबलं? आत काय ढवळाढवळ लपवलीय?"

चाचा हसत उठले, धूळ, कापूस, घड्याळ, सगळं सांगू लागले. साहेबांनी ते ऐकलं नाही. ते माझ्याकडे वळले. "बाबू, मीटर असा झाकून ठेवतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

चाचांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोळीकडे पाहिलं. माझ्याच कोटाचं अस्तर. एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकत होते. त्यांनी फक्त बटण काढून मीटर साहेबांपुढे मोकळा केला. मी खाली बसून अहवाल लिहिला: मीटर हेतुपुरस्सर कापडाने झाकलेला आढळला. यातला एकच शब्द खोटा आहे, आणि तो साहेबांनी मला सांगितलेला नाही. तो मला आपणहून सुचला.

तार तोडली. संध्याकाळच्या आत गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः गडी घेऊन आले आणि अर्धेमुर्धे शिवलेले कपडे गाठोड्यात बांधून घेऊन गेले. जाताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चोरना हातमा मन्ही पोरना लगीनना कपडा? नको रे बाबा!" मी तेव्हा रस्त्यात उभा होतो. ज्याच्या म्हशी माझ्या डोळ्यांदेखत दिवसा दिवा जाळत होत्या, तो माणूस हे बोलला, आणि मी त्याला नमस्कार केला.

महिनाभर चाचांच्या ओट्यावर कोणी कपडा टाकला नाही. मग ते कंपनीच्या कचेरीत आले. थकलेला किमान आकार, मीटरचं भाडं, दंड, सगळं त्यांनी मेजावर ठेवलं. ते चाचींच्या पाटल्या मोडून आणलेले पैसे होते, हे मला नंतर समजलं. खोळही बरोबर आणली होती, घडी करून.

"बाबू, पैसा ले. पन एक कागद दे. इतलंच लिखी दे, यानी चोरी नही करी."

"असा कागद कंपनी देत नाही, चाचा."

"कंपनीना नको. तुन्हा दे."

मी पावती फाडली आणि पुढे सरकवली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून विचारलं, "त्या दिवशी साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"तुन्ही नोकरी जाती ना, बेटा," ते म्हणाले. ते रागावून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

उन्हाळ्याच्या आधी ते दोघं सुरतेकडे गेले. परत आले नाहीत. खोळ माझ्या मेजावर राहिली होती. मी ती शिपायाला दिवे पुसायला दिली. दादांच्या गोठ्यातला दिवा पुढेही वर्षानुवर्षं जळत राहिला, आणि मी वहीत पंचवीस कँडल लिहीत राहिलो.

आता तो कागद.

मशिदीमागच्या गल्लीतल्या दर्जी चाचांचा मीटर मी दर महिन्याला स्वतः वाचत होतो. आकडे बरोबर होते. मीटरवर खोळ आहे हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. त्यांनी कंपनीची काडीभर वीज चोरली नाही. उलट न जाळलेल्या महिन्यांचेही पैसे भरले. चोरी होत होती ती दादांच्या घरात, माझ्या माहितीने आणि माझ्या सहीने. हे मी शुद्धीवर असताना, कोणी न सांगता लिहून देत आहे. चावडीपुढे जे बसतात त्यांना हे वाचून दाखवावं. चाचांनी मागितलं होतं त्या दिवशी हे लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या.