नदीत टांगलेल्या पट्ट्या

पाणी खात्यातल्या त्या बाईंना सगळे पट्टीबाई म्हणत. कामच तसं. दुधी रंगाच्या मऊ रबरी पट्ट्या तारेच्या पिंजऱ्यात अडकवून त्या नदीत टांगायच्या आणि महिन्याने काढायच्या. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेपुरतंच सांगतं. सकाळी सोडलेली घाण दुपारी कुठच्या कुठे गेलेली असते. पट्टी जागची हलत नाही. पाण्यात कणभर तेल असो, फवारणीचं औषध असो की रंगातलं रसायन, ती हळूहळू अंगात ओढून घेते. पट्ट्यांशेजारी काचेचे तुकडेही टांगलेले असत. त्यांवर बुळबुळीत हिरवट थर धरतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा तो थर, आणि पाण्यातून येईल ते त्यांच्याही अंगात साठतं.

"देवाने एवढ्याशा जिवालाही पोट दिलंय," पट्टीबाई म्हणायच्या. "आपण फक्त त्यात काय गेलं ते बघायचं."

पट्ट्या काढायच्या दिवशी त्या केसांना तेल लावत नसत, अंगाला साबणही नाही. पट्टीला काय, जवळ येईल ते ती घेते. मग सासूबाई बूट घालणाऱ्या सुनेकडे बघून म्हणायच्या, "निघाली पारोशी, नदीला भेटायला."

एका शनिवारी कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या कारखान्याच्या खालच्या अंगाच्या पट्ट्या निघाल्या. वरच्या अंगाच्या आधीच तपासणीला गेल्या होत्या. प्रयोगशाळा सोमवारी उघडणार, आणि ऑफिसात नेमकं भिंती रंगवायचं काम निघालेलं. ओल्या रंगाच्या वासात पट्ट्या ठेवल्या तर महिन्याची मेहनत पाण्यात. म्हणून पट्ट्या पुसून, पत्र्याच्या डब्यात घालून त्यांनी घरी आणल्या. काचेवरचा थर खरवडून बरणीत भरला होता, ती बरणी फ्रीजमध्ये ठेवली.

"हे शेण माझ्या दुधाशेजारी?" सासूबाईंनी नाक मुरडलं.

"झाकण घट्ट आहे, आई."

"झाकण घट्ट आहे गं, पण काचेतून दिसतंय ना मला."

बरणीला त्यांनी बोटही लावलं नाही. पट्टीबाई रविवारी माहेरी जाऊन आल्या आणि सोमवारी सगळं प्रयोगशाळेत पोचतं झालं.

निकाल आला तो वाईट. कारखान्याखालच्या पट्ट्यांत नॅफ्थलीन भरपूर, वरच्या पट्ट्यांत नावालाही नाही. पण खालच्याच काचांवरच्या थरात ते जवळजवळ नव्हतं, तेवढं मात्र पट्टीबाईंना खटकलं. साहेब म्हणाले, "तुमचे ते जीव नुसतं साठवत नाहीत, खाऊनही टाकतात. त्यात नवल काय?" तेही खरंच होतं. कारखान्याचं सांडपाणी बंद करायचा हुकूम तयार झाला. सांडपाणी बंद म्हणजे कारखाना बंद.

रंगारी स्वतः ऑफिसात आला. नखांत निळा रंग मुरलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या.

"ताई, माझ्याकडे तसलं काही येतच नाही. पिंपं उघडून बघा."

"पट्टीत आलंय, दादा."

"पट्टीत आलंय, पण माझ्याकडून गेलेलं नाही. आता कुणाला विचारू, नदीला?" तो हसला, पण हसू टिकलं नाही. "कामावरच्या बायकांना सांगून टाकलंय, दुसरीकडे काम बघा म्हणून. त्यातल्या दोघी माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत."

संध्याकाळी भाजी चिरताना पट्टीबाईंचं लक्ष नव्हतं, बोट कापायचंच बाकी होतं. सासूबाईंनी सुरी काढून घेतली. "काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. सासूबाई ऐकता ऐकता म्हणाल्या, "कुठल्या पट्ट्या? त्या डब्यातल्या? किती स्वच्छ होत्या, मी बघितल्या ना."

"बघितल्या म्हणजे?"

"तू माहेरी गेलीस तेव्हा, झाकण उघडून. आतून दमट लागत होत्या. म्हटलं, सुनेची कामाची वस्तू, बुरशी धरायची. मग झाकण जरा तिरकं करून डबा लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत ठेवला. तिथे काही म्हणता काही लागत नाही, डांबराच्या गोळ्या आहेत. सोमवारी पहाटे होता तिथे आणून ठेवला."

पट्टीबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. डांबराची गोळी म्हणजेच नॅफ्थलीन.

"काय गं? चुकलं का माझं?"

"तुमचं नाही, आई. मी डबा उघडू नका म्हणून सांगायला हवं होतं."

"त्या घाणीला मी हात लावला नाही बघ," सासूबाई पुटपुटल्या. "जे नीटनेटकं दिसलं तेच जपायला गेले."

सकाळी देवापुढे हात जोडून पट्टीबाई थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि पेटीची हकीकत सांगितली. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"नमुना घरी नेला हे वर कळवावं लागेल. शेरा तुमच्या नावावर पडेल."

"पडू दे. हुकूम थांबवा."

"आणि नव्या पट्ट्यांतही निघालं तर?"

"तर नोटीस मीच नेऊन देते."

हुकूम थांबला, तरी निकाल लागेपर्यंत रंगाऱ्याने नवं काम घेतलं नाही, हातातलं तेवढं उरकलं. त्याच दिवशी नवे पिंजरे पाण्यात सोडले. या वेळी एक पट्टी पाण्यात न घालता, डब्यातून नुसती बरोबर आणली-नेली, म्हणजे वाटेत काय चिकटतं तेही कळावं. शेरा पडला, आणि पट्टीबाईंची बढती त्या वर्षापुरती राहिली. सासूबाईंनी पेटीतल्या गोळ्या काढून टाकल्या आणि कपडे उन्हात घातले.

महिन्याने नवा निकाल आला. नॅफ्थलीन नाही. थरात आणि पट्टीत दोन्हीकडे रंगाचा थोडा अंश होता, मर्यादेच्या आतला.

पट्टीबाई स्वतःच कारखान्यात गेल्या. भट्टी थंड होती, तारेवर एकही कापड नव्हतं.

"नव्या पट्ट्यांत तसलं काही निघालं नाही, दादा. हौद मात्र नीट गाळून घ्या," त्या म्हणाल्या. "रंगाचं थोडं येतंय."

"येतंय ना? ते माझं आहे, मान्य," रंगारी म्हणाला आणि खुंटीवरचा शर्ट अंगात चढवू लागला. "बसा म्हटलं असतं, ताई, पण बायकांना परत कामावर बोलवायला त्यांच्या घरी जाऊन यायला हवं. एकीने दुसरीकडे हो म्हटलंय, तिला आधी गाठतो."