व्हय म्हणणाऱ्या मावशी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून ओपीडीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. रांग कितीही लांब असो, दुपारच्या जेवणाआधी मी ती संपवायचे आणि त्याचा मला भलताच तोरा होता. तोंड मात्र तिखट. पेशंटनं पाल्हाळ लावलं की मी पेन टेबलावर आपटायचे.

त्या दिवशी गंगाखेडकडच्या एका खेड्यातल्या मावशी आल्या. पोटात वर जळजळ होते म्हणाल्या. जेवल्यावर होते का? व्हय. उपाशीपोटी? व्हय. मग झोपल्यावर? तेही व्हय. मी वैतागून पित्ताची गोळी लिहिली आणि पुढचा पेशंट बोलावला.

शेजारी बसणाऱ्या सिस्टर माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी पुढच्याला दारातच थांबवलं आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्या मावशी तुमच्या प्रश्नाला व्हय म्हणल्या न्हाईत. तुमी चिडू नये म्हणून म्हणल्या."

मला रागच आला. मी परभणी जिल्ह्यातलीच, इथली माणसं मला कोण शिकवणार? पण ते वाक्य असं काही लागलं की मी उठलेच. औषधाच्या खिडकीपाशी मावशींना गाठलं आणि बाकावर त्यांच्याशेजारी बसले. काय विचारावं ते सुचेना, म्हणून स्टँडवरून इथवर कशा आलात एवढंच विचारलं.

"बसत बसत आले," त्या म्हणाल्या. "चाललं की छातीवर कुणी बसल्यावानी होतंय. थांबलं की जातंय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दुखणं हृदयाचं होतं आणि मी बाईंना पित्ताची गोळी देऊन घरी धाडत होते! ईसीजीची पट्टी बाहेर येईपर्यंत मला दम निघेना. पट्टीनं शंका खरी ठरवली. मग फोन, ॲम्ब्युलन्स, परभणीचा मोठा दवाखाना, सगळं पळतपळत. संध्याकाळी तिकडून मावशी धोक्याबाहेर असल्याचा निरोप आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत सिस्टरना मिठी मारली. डॉक्टरकीच्या निकालादिवशीही मी इतकी खूश झाले नव्हते.

महिन्याभरानं मावशी तपासणीला आल्या. गोळ्या वेळेवर घेता ना, मी विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या बारक्या गोळीनं डोकं लय ठणकतंय. बंद केली मी."

हृदयाची गोळी, आणि स्वतःच्या मनानं बंद! एरवी मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण मावशी मला न्हाई म्हणाल्या होत्या, आणि मला आनंदानं हसू आवरेना.