देवदत्तचे शनिवार

देवदत्त पाठक मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायला आला तेव्हा त्याला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नागपुरात त्याने पाहिलं होतं ते क्रिकेट, तेही शेजारच्या काकांकडे बसून. पण गेली काही वर्षं ऑगस्टची अखेर आली की तो घराच्या बेसमेंटमध्ये उतरायचा आणि डिसेंबरपर्यंतचे सगळे शनिवार तिथेच काढायचा. समोर चार टीव्ही, प्रत्येकावर वेगळा सामना, मांडीवर लॅपटॉप. जिंकतं कोण याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचं काम होतं ते सामना पाहणाऱ्यांना मोजण्याचं.

अमेरिकेत कॉलेजांच्या टीम गटागटांनी खेळतात. त्या गटांना कॉन्फरन्स म्हणतात. त्यातले दोन सगळ्यांत दांडगे: उत्तरेतून वाढलेली बिग टेन आणि दक्षिणेची एसईसी. मैदानावर दोघांची जुंपतेच, पण टीव्हीवरची चुरस त्याहून मोठी. या शनिवारी जास्त लोकांनी कोणाला पाहिलं? जिकडे प्रेक्षक, तिकडे जाहिराती. देवदत्तची फर्म छोटी होती, गाड्यांच्या जाहिराती करणाऱ्या एका एजन्सीला सल्ला द्यायची. जाहिराती कोणत्या सामन्यांत लावाव्यात, लोक कोणत्या मिनिटाला चॅनल बदलून गेले, हे सगळं देवदत्त बघायचा.

फर्म राजेशची होती. राजेश मूळचा पुण्याचा, देवदत्तपेक्षा थोडा मोठा, बोलायला गोड. देवदत्तची आधीची नोकरी गेली तेव्हा दुसरी मिळवायला किंवा देश सोडायला सरकारने दिलेली मुदत संपत आली होती. विनीताने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरातल्या वस्तू विकायलाही काढल्या होत्या. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत राजेश भेटला आणि म्हणाला, "अरे, घाबरतोस काय? मी करतो तुझा व्हिसा." आणि त्याने खरंच केला. पुढे ग्रीन कार्डाचा अर्जही त्यानेच भरला. आता त्या अर्जाच्या रांगेत देवदत्त उभा होता, आणि रांग काही हलत नव्हती. एवढ्यासाठीच आजवर राजेशच्या कोणत्याही कामाला तो 'नाही' म्हणाला नव्हता.

दिवाळी नेमकी फुटबॉलच्या सीझनमध्ये येते. त्यामुळे इतक्या वर्षांत तो दिवाळीला नागपूरला गेला नव्हता. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रमसुद्धा शनिवारीच, एका शाळेच्या सभागृहात असायचा. विनीता नाटक बसवायची, आणि देवदत्त शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीत, हीटर लावून, फोनवर सामना बघत बसायचा. लोक जाता जाता काचेवर टकटक करायचे. "काय देवदत्त, आज कोण जिंकतंय?" तो हसून हात हलवायचा. नाटक कसं झालं हे त्याला घरी जाताना विनीताच सांगायची.

त्यांची एकुलती एक मुलगी आन्या. जन्म नागपूरचा, पण दोन वर्षांची असताना आली, त्यामुळे सगळं इथलंच. अ‍ॅन आर्बरला युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या मार्चिंग बँडमध्ये ट्रंपेट वाजवायची. मध्यंतरात लाखभर लोकांसमोर मैदानावर उतरायची. देवदत्त ते सामने बेसमेंटमध्ये पाहायचा, पण मध्यंतर झालं की टीव्ही स्टुडिओत जायचा, मग जाहिराती. बँड दाखवतच नाहीत. मुलगी तासाभराच्या अंतरावर वाजवत होती आणि चार वर्षांत त्याने तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

"बाबा, इट्स ओके," ती म्हणायची. "यू आर वर्किंग."

ते इतक्या सहज म्हणायची की त्याला आणखीच लागायचं.

त्या ऑक्टोबरमध्ये आन्या एकवीस वर्षांची होणार होती. एकवीस झालं की आईवडिलांच्या व्हिसावर राहता येत नाही. रांग वेळेत पुढे सरकली असती तर प्रश्न नव्हता, पण ती सरकली नव्हती. वाढदिवसाच्या आधीच तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणून वेगळा व्हिसा घ्यावा लागला. ज्या देशात ती बालवाडीपासून शिकली, तिथेच ती आता परदेशी. विनीताने केक केला. मेणबत्त्या विझल्या तेव्हा देवदत्तने टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात राजेशने त्याला ऑफिसात बोलावलं. एजन्सीच्या मीटिंगसाठी अहवाल तयार होता. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं: बिग टेनच्या प्रेक्षकांत विक्रमी वाढ. खाली देवदत्तने एक ओळ घातली होती. यंदा मोजण्याची पद्धत बदलली आहे, बारमध्ये आणि दुसऱ्यांकडे बसून पाहणारेही आता जास्त धरले जातात, त्यामुळे मागच्या वर्षाशी सरळ तुलना करू नये.

"ही ओळ काढ यार," राजेश म्हणाला.

"राजेश, पद्धत बदलल्यामुळे सगळ्यांचेच आकडे फुगलेत. एसईसीचेसुद्धा. ही वाढ नाहीये."

"आकडे खोटे आहेत का?"

"आकडे खरे आहेत. तुलना खोटी आहे."

राजेश हसला. "देवा, एजन्सीने बिग टेनच्या सामन्यांतले जाहिरातींचे स्लॉट आधीच घेतलेत. त्यांना त्यांच्या क्लायंटला सांगायला काहीतरी हवंय. आपण कोणाला लुटतोय का?" मग जरा थांबून, अगदी मायेने त्याने विचारलं, "तुझ्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचे पेपर वकिलाकडे गेले ना? माझी सही राहिलीय बहुतेक. आठवण करून दे मला."

धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. कदाचित त्याला खरंच आठवण झाली असेल. पण देवदत्तने जागेवर परत जाऊन ती ओळ काढली. अहवालाच्या तळाशी 'प्रमुख विश्लेषक: देवदत्त पाठक' एवढंच उरलं.

मीटिंगला एजन्सीकडून एक बाई आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, शांत. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी राजेशकडे न बघता देवदत्तला विचारलं, "ही वाढ खरी आहे का?"

राजेश पाण्याचा ग्लास हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिला.

"आकडे अचूक आहेत," देवदत्त म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं. उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, ते त्याला कळलं नाही. घरी येईपर्यंत तो ते एकच वाक्य मनातल्या मनात उलटसुलट करत राहिला.

त्या रविवारी आन्या जेवायला घरी आली. वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, आय गॉट इन. टोरोंटो. मास्टर्ससाठी."

"इथे का नाही?" देवदत्तने विचारलं. "इथेच मिळेल ना तुला."

"मिळेल. आणि मग काय?" ती मराठीत बोलू लागली, म्हणजे गंभीर होती. "मग मी पण रांगेत. मी तुम्हाला बघितलंय बाबा. मला तसं नाही जगायचं."

विनीता उठून उगाच पोळ्या आणायला गेली. पोळ्या टेबलावरच होत्या.

आन्याने दोन तिकिटं पुढे केली. घरच्या मैदानावरचा तिचा शेवटचा सामना. "याल?"

देवदत्तने दुसऱ्या दिवशी राजेशला विचारलं. राजेश लगेच म्हणाला, "जा की! मुलीचा शेवटचा सामना आहे. फक्त फोन चालू ठेव."

सामन्याच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. इतकी माणसं त्याने आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. तो इतकी वर्षं ज्यांना आकड्यांत ओळखत होता ते हे लोक, लोकरीच्या टोप्या घातलेले, ओरडून घसा बसलेले, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारणारे. पहिला अर्धा भाग त्याने सगळं विसरून पाहिला. विनीताने त्याचा हात धरला होता.

मध्यंतर जवळ आलं आणि फोन थरथरला. राजेशचा मेसेज होता, अर्धवट उतरलेला. दक्षिणेत चाललेल्या एसईसीच्या सामन्याचे प्रेक्षक अचानक वाढले होते, एजन्सीला कारण हवं होतं, आत्ताच. गर्दीमुळे नेटवर्क बसलं होतं. देवदत्तने उत्तर पाठवून पाहिलं, जाईना. पुन्हा मेसेज आला: कुठे आहेस?

"बाहेर जाऊ नको," विनीता म्हणाली. "देवदत्त, आत्ता नको."

"दोन मिनिटांत येतो."

पायऱ्या उतरून तो गेटजवळच्या काँक्रीटच्या बोळात आला. तिथे सिग्नलची एक काडी होती. माहिती उघडेपर्यंत, कारण शोधेपर्यंत, चार ओळी लिहून पाठवेपर्यंत ढोल सुरू झाले. डोक्यावरचं छत हादरत होतं. मग ट्रंपेट, एकदम पुष्कळ, सगळे एका सुरात. त्यातला एक आन्याचा. बोटं गारठली होती, मेसेज चुकत होता, तो पुसून पुन्हा लिहीत होता. शेवटी मेसेज गेला. राजेशचा अंगठा आला. देवदत्त धावत वर गेला तेव्हा बँडची शेवटची रांग मैदानाबाहेर पडत होती, सगळे पाठमोरे, सारख्याच गणवेशात. त्यातली आन्या कोणती ते त्याला ओळखता आलं नाही.

विनीताने बाजूला सरकून त्याला जागा दिली.

सामन्यानंतर आन्या भेटायला आली, टोपी काखेत, गाल लाल झालेले. "बाबा! डिड यू सी?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. विनीता गप्पच राहिली असती.

"नाही," तो म्हणाला. "मेसेज आला. मी खाली होतो. ऐकलं फक्त."

आन्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर तसंच राहिलं, मग गेलं. तिने ओठ मिटले, टोपीवरचा तुरा उगाच नीट केला. "ओके," म्हणाली. पुढे होऊन तिने त्याला मिठी मारली, पण घट्ट नव्हे, पाहुण्याला मारतात तशी, आणि मैत्रिणींकडे निघून गेली.

सोमवारी तो राजेशसमोर उभा राहिला. रात्रभर त्याने बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "यापुढे अहवालावर माझं नाव नको."

तो वादाच्या तयारीत होता. राजेशने मानही वर केली नाही. "चालेल. फर्मचं नाव टाकू. आणि हो, तुझ्या पेपरवर सही केली बरं का मी."

पुढच्या उन्हाळ्यात आन्या टोरोंटोला गेली. देवदत्त आणि विनीता तिला कॅनडाच्या सीमेवरच्या पुलापर्यंत सोडायला गेले नाहीत, ती मैत्रिणीच्या गाडीतून गेली, तिलाच तसं हवं होतं. व्हिसा आणखी काही वर्षांसाठी वाढला. ऑगस्टच्या अखेरीस सीझन सुरू झाला. पहिल्या शनिवारी दुपारी विनीता चहा घेऊन बेसमेंटमध्ये उतरली. चारही टीव्ही चालू होते. तिने विचारलं, "थोडा वेळ वर येतोस?"

"हा क्वार्टर संपू दे," तो म्हणाला.

ती कप टेबलावर ठेवून खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. बराच वेळ दोघं पडद्याकडे बघत राहिली.